जलतरण तलावातील दोन तास कयाकसाठी मिळावेत

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा लागला की आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत मुले आणि पाणी यांचा उल्लेख बहुधा कोणी बुडाल्याच्या बातमीतच होतो. त्यामुळे माझी सोळा वर्षांची मुलगी यंदा केरळात, कोझिकोड जिल्ह्यातील एका डोंगरी नदीवर, मुलामुलींच्या फ्रीस्टाइल कयाकिंग, म्हणजे कयाक या छोट्या वल्हवायच्या होडीतील कसरतींच्या, स्पर्धेत उतरली हे कळताच नातेवाइकांनी अभिनंदनाच्या आधी ‘पाण्याशी खेळ कशाला?’ असे विचारले. त्यांची काळजी रास्त आहे. त्या काळजीवरचा उपाय याच खेळात आहे असे मला मनापासून वाटते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

फ्रीस्टाइलमध्ये शर्यत नसते. खडकावरून खाली आलेले पाणी जिथे पुन्हा वर उसळते तिथे एकाच जागी लाट उभी राहते. त्या लाटेवर जेमतेम माणसाच्या उंचीची आखूड कयाक टिकवून खेळाडूने ४५ सेकंदांत गिरक्या आणि कोलांट्या घ्यायच्या असतात. तीच कसरत डावीकडून आणि उजवीकडून केली तर गुण वेगवेगळे मिळतात, मात्र एकाच बाजूने कितीदाही केली तरी ती एकदाच धरली जाते.

पहिल्याच फेरीत मुलीची कयाक उलटली. पाण्यावर फक्त पिवळा तळ आणि वल्ह्याचे एक पाते दिसत होते. मी काठावर मनात आकडे मोजत होतो. चार म्हणताच पाते पाण्यावर आडवे फिरले, आधी कयाक सरळ झाली, मग खांदे आले आणि सर्वांत शेवटी डोके. घाबरलेला माणूस श्वासासाठी डोके आधी उचलतो आणि त्या ओढीने कयाक पुन्हा उलटते. हा मोह आवरून सरळ होण्याला ‘रोल’ म्हणतात. तिचा क्रमांक बराच खाली लागला, तरी त्या चार सेकंदांतला तिचा शांतपणा मला कोणत्याही पदकाहून मोठा वाटतो.

हा रोल संथ पाण्यातच शिकावा लागतो आणि कोलांटीची सुरुवातही तिथेच होते. खळाळत्या पाण्यासाठी आम्हाला नांदेडहून रायगड जिल्ह्यातील कोलाडला जावे लागते, कारण भिरा येथील वीजनिर्मितीनंतर सोडलेल्या पाण्याने तिथली कुंडलिका नदी सकाळी वाहती होते. संथ पाण्यासाठी मात्र एवढा प्रवास करण्याचे कारण नव्हते. आम्ही शहरातील एका जलतरण तलावाकडे आठवड्यातून दोन तास मागितले, तर कयाकने फरशा खराब होतील एवढे सांगून आम्हाला परत पाठवण्यात आले. अखेर तिने एका नातेवाइकाच्या शेततळ्यात सराव केला. शेततळ्याच्या प्लॅस्टिकच्या अस्तरावर पाय ठरत नाही, म्हणून प्रत्येक वेळी काठावरून दोर सोडून आणि दोन पट्टीचे पोहणारे पाण्यात ठेवूनच आम्ही तिला उतरवत असू. इतर पालकांना हा मार्ग मी कधीही सुचवणार नाही.

याहून मोठी भीती बंधाऱ्यांची आहे. कोल्हापुरी बंधाऱ्यावरून पडणारे पाणी दिसायला स्पर्धेतल्या लाटेसारखेच असते, परंतु स्पर्धेसाठी निवडलेल्या लाटेच्या कडा मोकळ्या असतात आणि सुटलेला खेळाडू पुढे वाहत निघून जातो. बंधाऱ्याखाली या काठापासून त्या काठापर्यंत पाणी उलटे फिरते आणि माणसाला पुन्हा पुन्हा भिंतीकडे ओढून नेते. उत्साही मुलांना हा फरक कोणी समजावून सांगितला नाही, तर ती तिथे उतरतील.

२०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या मराठवाड्यात असे लाड कशाला, असेही कोणी म्हणेल. या सरावाला वेगळे पाणी लागत नाही, पोहणाऱ्यांसाठी भरलेले पाणी पुरते. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कयाक क्रॉस या कयाकच्या शर्यतीचा समावेश झाला आणि त्यात प्रत्येक खेळाडूला रोल करावाच लागतो, हेही क्रीडा अधिकाऱ्यांनी विचारात घ्यावे.

मराठवाड्यातील महानगरपालिकांनी आपल्या जलतरण तलावात आठवड्यातून दोन तास, पोहण्याची चाचणी उत्तीर्ण झालेल्या मुलांसाठी, हेल्मेट आणि लाइफ जॅकेटच्या सक्तीसह राखून ठेवावेत, अशी माझी विनंती आहे. आमच्या घरी दोन कयाक आहेत. त्या धुऊन आणि टोकांना रबर लावून आणण्याची, तसेच इतर मुलांनाही वापरायला देण्याची आमची तयारी आहे.

आपला विश्वासू,
एक पालक, नांदेड