अपुरे ते अपुरेच दिसू द्या

संपादक महोदय,

गेल्या काही वर्षांत पणजीच्या इफ्फीमध्ये, म्हणजे भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, जुने भारतीय चित्रपट स्वच्छ करून पुन्हा पडद्यावर आणले जात आहेत, ही समाधानाची गोष्ट आहे. पण जो चित्रपट मुळात पुरा झालाच नाही, त्याचे जतन कसे करावे, याचाही विचार आयोजकांनी करावा, म्हणून हे पत्र.

ॲनिमेशनकार रिचर्ड विल्यम्स यांनी 1964 च्या सुमारास हाती घेतलेला ‘द थीफ अँड द कॉबलर’ (चोर आणि चांभार) हा ॲनिमेशनपट ते जाहिरातींच्या कमाईवर वर्षानुवर्षे काढत राहिले. त्यातल्या बऱ्याच हालचालींसाठी सेकंदाला 24 चित्रे हाताने काढलेली आहेत. पुढे मोठ्या स्टुडिओचा पैसा मिळाला, पण मुदत पाळता आली नाही आणि 1992 मध्ये, सुमारे पंधरा मिनिटांचे काम उरले असताना, चित्रपट त्यांच्या हातून काढून घेण्यात आला. इतरांनी तो घाईने उरकला, त्यात गाणी घुसडली, आणि 1995 च्या अमेरिकी आवृत्तीत तर जवळजवळ अबोल ठेवलेल्या चोराला आणि चांभारालाही बोलायला लावले.

गॅरेट गिलख्रिस्ट या चाहत्याने प्रदर्शित आवृत्त्यांतली स्वच्छ दृश्ये आणि व्हीएचएस कॅसेटवर हातोहात फिरणारी धूसर कार्यप्रत (अपुरी दृश्ये पेन्सिलच्या रेखाटनांनीच भरलेली कच्ची प्रत) जुळवून विल्यम्स यांच्या मनातला क्रम पुन्हा बांधला. त्याची पहिली आवृत्ती 2006 मध्ये आली, चौथी 2013 मध्ये. मी ती माझ्या विद्यार्थ्यांना दाखवली. रंगीबेरंगी राजवाडा चालू असताना पडदा एकाएकी करडा होतो, कागदावर नुसत्या पेन्सिलच्या रेषा धावू लागतात आणि आवाज मात्र तसाच पुढे चालू राहतो. ‘‘सर, हांगां रंग कित्याक ना?’’ (सर, इथे रंग का नाही?) असे सातवीतल्या एका मुलीने विचारले, आणि ॲनिमेशन माणूस हाताने काढतो, हे त्या वर्गाला त्या क्षणी खऱ्या अर्थाने कळले.

आज कोणी म्हणेल, कृत्रिम बुद्धिमत्तेकडून त्या रेषा रंगवून घ्या आणि चित्रपट पुरा करा. माझा याला ठाम विरोध आहे. आमच्या तालुक्यातल्या एका देवळात कावीची भिंत होती. पांढऱ्या चुन्यावर लाल कावेचा थर देऊन, तो खरवडून आतला पांढरा रंग उघडा करत काढलेली ती वेलबुट्टी दोन-तीन ठिकाणी झडली होती. जीर्णोद्धारात कोणीतरी सगळ्या भिंतीवर तकतकीत ऑइल पेंट फिरवला आणि झडलेल्या भागाबरोबर शाबूत असलेली नक्षीही गेली. झडलेली जागा नुसत्या चुन्याने सारवून तशीच ठेवली असती, तर जुन्या कारागिराचा हात कुठे थांबतो, हे आज निदान दिसले असते. पेन्सिलची रेषा झाकली नाही, हेच मला त्या चाहत्याच्या कामातले मोठेपण वाटते.

विल्यम्स यांच्या स्वतःच्या कार्यप्रतीचे जाहीर प्रदर्शन ऑस्कर अकादमीने डिसेंबर 2013 मध्ये केले होते, आणि 2019 मध्ये ते निवर्तले. इफ्फीने आणि गोवा मनोरंजन संस्थेने हक्कधारकांची रीतसर परवानगी मिळवून ती कार्यप्रत आणि चाहत्याची आवृत्ती लागोपाठच्या दोन दिवशी दाखवावी. त्यातला एक खेळ सकाळचा ठेवून गावोगावच्या शाळांतल्या मुलांना विनामूल्य प्रवेश द्यावा, ही विनंती.

आपला,
एक चित्रकला शिक्षक, फोंडा