गाड्या मोजणारे शेअरहोल्डर आणि सोमवारचं पान

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या पेपरचं सोमवारचं गुंतवणुकीचं पान मी नेमाने वाचतो, कात्रणंही ठेवतो, आणि त्या पानाबद्दलच लिहायचंय, पण आधी थोडं मागचं सांगावं लागेल तेव्हा पत्र लांबलं तर सांभाळून घ्या.

गेल्या रविवारी माझा भाचा घरी आला होता. हिंजवडीला नोकरी करतो, हुशार मुलगा आहे. ऑफिसातले आठ-दहा जण मिळून त्यांनी ग्रुप केलाय आणि सगळे मिळून एकाच शेअरच्या मागे आहेत, सँडिस्क. पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्डावर आपण नाव वाचतो तीच. ही कंपनी वेस्टर्न डिजिटलने २०१६ साली घेतली होती आणि २०२५ च्या फेब्रुवारीत पुन्हा वेगळी काढली, त्यानंतर एआयच्या डेटा सेंटरना स्टोरेज लागतं म्हणून मागणी वाढली आणि त्याच वर्षात शेअर कित्येक पट झाला. भाच्याने मला लॅपटॉपवर एक्सेल दाखवलं, त्यात फ्लॅश मेमरीचे, म्हणजे पेनड्राइव्हमधल्या चिपांचे भाव, मेमरी बनवणाऱ्या कंपन्यांपैकी सॅमसंग काय म्हणाली, मायक्रॉन काय म्हणाली, कुठल्या डेटा सेंटरवाल्याने किती खर्च जाहीर केला, सगळं तारीखवार. मला खरंच कौतुक वाटलं. मग हळूच म्हणाला, मामा, फ्लॅटच्या डाउन पेमेंटसाठी ठेवलेत ना त्यातले थोडे यात टाकतोय, तू तर स्टोरेजचा माणूस, तुला काय वाटतं?

स्टोरेजचा माणूस म्हणजे काय, तर माझं नारायण पेठेत डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावून द्यायचं दुकान होतं. लग्नपत्रिका, हँडबिलं, पुस्तकांची पानं, आणि सीझनला दिवाळी अंक. नव्वदीच्या मधल्या वर्षांत रंगीत कव्हरची फाइल झाली की ती छपाईची फिल्म काढणाऱ्याकडे न्यायची कशी हा रोजचा प्रश्न असायचा कारण फ्लॉपीत मावायचं १.४४ एमबी आणि स्कॅन केलेला एक फोटो त्याच्या दहापट. फाइल तुकडे करून पंधरा-वीस फ्लॉप्यांवर घ्यायची आणि तिथे गेल्यावर सतरावी फ्लॉपी वाचलीच जात नाही. काही जण सरळ हार्डडिस्क काढून टॉवेलात गुंडाळून स्कूटरवरून न्यायचे. मग झिप ड्राइव्ह आला. निळा, छोटा डबा, त्यात फ्लॉपीपेक्षा जरा जाड डिस्क आणि तिच्यात १०० एमबी, म्हणजे सत्तर फ्लॉप्या एका खिशात! ज्यांनी ते दिवस काढलेत त्यांनाच तो आनंद कळेल.

हा झिप ड्राइव्ह बनवायची आयोमेगा नावाची कंपनी, अमेरिकेत युटा राज्यात रॉय नावाच्या गावातली. १९८० सालची कंपनी, पण मोठी झाली ती १९९५ मध्ये झिप बाजारात आल्यावर. ड्राइव्ह दोनशे डॉलरच्या आसपास आणि डिस्क वीसच्या आसपास. खरा फायदा डिस्कमध्ये होता, एकदा डबा घेतला की माणूस डिस्का घेतच राहतो. १९९४ ला विक्री होती १४ कोटी डॉलर, १९९५ ला ३२ कोटींच्या पुढे आणि १९९६ ला १२० कोटी. दोन वर्षांत आठपट!

आणि हे सगळ्यात आधी ओळखलं ते वॉल स्ट्रीटवरच्या मोठ्या लोकांनी नाही, साध्या लोकांनी ओळखलं. अमेरिका ऑनलाइन या तेव्हाच्या इंटरनेट सेवेवर डेव्हिड आणि टॉम गार्डनर या दोघा भावांचं मॉटली फूल म्हणून शेअरच्या गप्पांचं ठिकाण होतं, तिथे आयोमेगाचे छोटे शेअरहोल्डर जमायचे. कोणी इंजिनियर, कोणी कॉम्प्युटरच्या दुकानात काम करणारा. हे लोक आपापल्या गावातल्या दुकानांत फोन करून विचारायचे, झिप ड्राइव्ह आहे का, नाही म्हणाले की खूश, संपला म्हणजे खपतोय. रॉयच्या आसपास राहणारे काही जण तर सुट्टीच्या दिवशी फॅक्टरीच्या पार्किंगमध्ये किती गाड्या उभ्या आहेत ते मोजून यायचे, रविवारीही पार्किंग भरलेलं म्हणजे जादा पाळी चालू आहे म्हणजे ऑर्डरी भरपूर. मला ही गोष्ट मनापासून आवडते. पैसे लावलेत त्या कंपनीच्या दारापर्यंत जाऊन बघणं, स्वतःच्या डोळ्यांनी बघणं, ह्याला मी सट्टा म्हणणार नाही, हा अभ्यासच आहे, आणि त्यांचं अनुमान बरोबर आलं हे वरच्या आकड्यांवरून दिसतंच.

मग बिघडलं काय? भाव बिघडला. १९९६ च्या सुरुवातीला एका शेअरचे तीन असं स्प्लिट झालं, मे महिन्यात पुन्हा एकाचे दोन, आणि आपल्याकडे बोनस-स्प्लिटच्या बातमीने जसं होतं तसंच तिकडे झालं, म्हणजे एका पोळीचे चार तुकडे केले की पोळी वाढली असं वाटायला लागलं. मेमध्ये भाव पन्नास डॉलरच्या वर गेला. ज्या कंपनीची आदल्या पूर्ण वर्षाची विक्री ३२ कोटी डॉलर, तिची बाजारातली किंमत, म्हणजे सगळे शेअर मिळून, काही अब्ज डॉलर. आणि दोन महिन्यांत भाव निम्म्याच्याही खाली.

इथे मला भाच्याला आणि तुमच्या वाचकांना एक हिशोब दाखवायचाय, मी वहीत मांडलाय. समजा एखाद्याने त्या मेमध्ये, दुसरं स्प्लिट झाल्यानंतर, पन्नासच्या भावाने १०० शेअर घेतले, गेले ५००० डॉलर. १९९७ च्या डिसेंबरमध्ये पुन्हा एकाचे दोन झाले, झाले २००. मग २००१ मध्ये उलटं स्प्लिट, पाचाचा एक, राहिले ४०. २००३ मध्ये कंपनीने शेअरमागे ५ डॉलर असा एकदाच मोठा डिव्हिडंड दिला, मिळाले २००. आणि २००८ मध्ये ईएमसी कंपनीने आयोमेगा विकत घेतली ३.८५ डॉलर भावाने, मिळाले १५४. म्हणजे बारा वर्षं धरून बसला तर ५००० चे झाले ३५४. आणि ह्या मधल्या काळात झिप ड्राइव्ह खपत नव्हते का? खपत होते की! १९९७ ला तर कंपनीची विक्री १७० कोटी डॉलरच्या वर गेली, सगळ्यात जास्त. गाड्या मोजणाऱ्यांची माहिती खरीच होती, पण ती सगळी आणि त्याच्याही पुढची दोन वर्षं भावात आधीच धरलेली होती. पार्किंगमधल्या गाड्यांवरून उत्पादन कळतं, शेअर स्वस्त का महाग ते कळत नाही. माझ्या मते सगळं इथेच आहे आणि हेच आपल्या मराठी पेपरात कोणी लिहीत नाही.

दुसरं असं की त्या मंडळींचं लक्ष होतं सायक्वेस्ट नावाच्या स्पर्धकावर, त्याचा ड्राइव्ह किती खपतो, त्याने भाव पाडला का. सायक्वेस्ट १९९८ ला दिवाळखोरीत गेली, म्हणजे ती लढाई आयोमेगा जिंकली. पण मारलं कोणी तर सीडी रायटरने. एका सीडीत ६५० एमबी म्हणजे साडेसहा झिप, आणि कोरी सीडी झिपच्या मानाने मातीमोल, गिऱ्हाइकाला देऊन टाकली तरी चालायची, झिप डिस्क मात्र परत मागून घ्यावी लागायची. मी स्वतः सीडीवर आलो तेव्हा मला शेअरमधलं काही कळत नव्हतं, पण फिल्मवाल्याच्या काउंटरवर झिप कमी आणि सीड्या जास्त दिसायला लागल्या हे मी रोज बघत होतो. ते काउंटर मोजणारा माणूस पार्किंग मोजणाऱ्यापेक्षा पुढे होता. नंतर २००० पासून पेनड्राइव्ह आले आणि विषयच मिटला. (त्यात पुन्हा ड्राइव्हचं हेड बिघडून टक टक आवाज यायचा आणि डिस्क जायची, अमेरिकेत लोक त्याला मृत्यूची टकटक म्हणायचे, १९९८ मध्ये कोर्टात दावाही झाला. माझा डबा मात्र शेवटपर्यंत छान चालला, आजही माळ्यावर आहे.)

शंका घेणाऱ्याचं काय व्हायचं तेही सांगतो कारण भाच्याच्या ग्रुपमध्ये मला तेच दिसलं. आयोमेगाच्या तेजीत कोणी म्हणालं की भाव फार झालाय तर त्याला मंदीवाल्यांचा माणूस ठरवायचे. भाच्याच्या ग्रुपमध्ये एका मुलीने विचारलं होतं की फ्लॅशचे भाव उतरले तर? तिला उत्तर म्हणून बाकीच्यांनी रॉकेटचं चित्र पाठवलं, म्हणजे शेअर वरच जाणार. तिचा प्रश्न अगदी योग्य होता हो. फ्लॅश मेमरीचं आपल्या लासलगावच्या कांद्यासारखं असतं, भाव चढला की सगळे लावतात, सगळ्यांचा माल एकदम येतो आणि भाव कोसळतो, मग लावणं कमी करतात आणि पुन्हा चढतो. लांब कशाला, २०२३ मध्येच ह्या कंपन्या तोट्यात होत्या आणि उत्पादन कमी करत होत्या. ह्या वेळी डेटा सेंटरमुळे तेजी जास्त टिकेलही, मी नाही म्हणत नाही, पण कांद्याला चांगला भाव मिळालाय म्हणून कोणी शेतकरी पुढची दहा वर्षं तोच भाव धरून ट्रॅक्टरचा हप्ता बांधत नाही.

आणि हे फक्त अमेरिकेचं नाही. आपल्याकडे मोझर बेअर होती ना, १९८३ ला दिल्लीत सुरू झालेली, आधी फ्लॉपी मग सीडी-डीव्हीडी बनवून जगातल्या मोठ्या कंपन्यांत गेली, २८ रुपयांत सिनेमाची व्हीसीडी आणि ३४ ला डीव्हीडी विकली, कितीतरी घरांच्या शोकेसमध्ये अजून असतील. सोलरमध्येही उतरली. मग लोकांनी डिस्क घेणंच बंद केलं आणि डोक्यावर कर्ज, २०१७ ला एनसीएलटीत, म्हणजे दिवाळखोरीची प्रकरणं चालवणाऱ्या न्यायाधिकरणात गेली आणि २०१८ ला लिक्विडेशनचा, म्हणजे कंपनी मोडीत काढायचा आदेश. कायद्याप्रमाणे अशा वेळी बँका, कामगार, सरकार सगळ्यांचं देऊन उरलं तर शेवटी शेअरहोल्डर. हा नंबर शेवटचा असतो हे शेअर घेताना किती जणांना माहीत असतं?

आता तुमच्या पानाबद्दल. महाराष्ट्रात शेअर गुंतवणूकदार देशात सगळ्यात जास्त आहेत, आणि त्यांच्यासाठी आपण दर सोमवारी काय छापता तर कंपनीचं नाव, आजचा भाव, टार्गेट आणि चार ओळी. मला टार्गेट नको. त्याच जागेत मागच्या पाच वर्षांची विक्री, नफा, कर्ज, न खपलेला माल किती, आणि आजच्या भावाला कंपनीची किंमत वर्षाच्या विक्रीच्या किती पट होते एवढं द्या. कंपनी अमेरिकेतली असेल तर तिचे तिमाही आणि वार्षिक अहवाल तिथल्या एसईसीच्या, म्हणजे शेअरबाजारावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेच्या, एडगर साइटवर कोणालाही फुकट वाचता येतात, त्यात धोक्यांचं वेगळं प्रकरण असतं, ते कंपनीने स्वतःच लिहिलेलं असतं, त्यातली दहा ओळींची माहिती मराठीत द्या. आणि आता मोबाइलवरून डॉलरमध्ये शेअरचा तुकडासुद्धा घेता येतो तर असे शेअर इन्कम टॅक्सच्या रिटर्नमध्ये परदेशी मालमत्ता म्हणून दाखवावे लागतात हेही एकदा ठळक छापा, भाच्याच्या ग्रुपमध्ये दोघांनाच माहीत होतं.

अजून एक चौकट हवी, काय घडलं तर हा शेअर विकायचा. लिहिणाऱ्यानेच ते आधी लिहून द्यावं. भाच्याच्या एक्सेलमध्ये घ्यायची कारणं चाळीस ओळींची आहेत, विकायच्या कारणाचा कॉलमच नव्हता. मी त्याला तो घालायला लावला आणि डाउन पेमेंटच्या पैशांबद्दल म्हटलं की आधी तो कॉलम भर, मग बोलू. तो रागावला नाही, पण अजून फोनही केलेला नाही.

जागा कमी असेल तर पत्र कापा, माझ्या दुकानाचं सगळं कापलं तरी चालेल, फक्त त्या शंभर शेअर्सचा हिशोब तेवढा पूर्ण छापा.

आपला,
एक जुना वाचक आणि निवृत्त डीटीपीवाला
नारायण पेठ, पुणे