नागपूरला गाडीनं निघालीस, तर हे वाचून जा

मुलुंड (पूर्व), मुंबई

प्रिय वैशू,

तू दिवाळीनंतर नागपूरला गाडीनं जायचं ठरवलंस, तेही दोन्ही पोरं आणि सासूबाईंसकट, हे ऐकून मला जाम आनंद झाला. आमच्या गेल्या हिवाळ्यातल्या वारीचा कुणाला तरी उपयोग होईल. फोनवर हे बोलणं शक्य नाही. दोन वाक्यं झाली की तुझ्याकडून नाहीतर माझ्याकडून ‘आईऽऽ, झाली!’ अशी हाक येतेच. म्हणून सविस्तर लिहिते.

मुद्द्याचं आधी सांगते. जाताना समृद्धी महामार्गानं जा, येताना जुन्या रस्त्यानं ये. सुहासला हे पटणार नाही. तो मोबाइल पुढे करून म्हणेल, ७०१ किलोमीटर, १२०ची मर्यादा, आठ तासांत नागपूर. हिशेब बरोबर आहे. २०२५च्या जूनमध्ये इगतपुरी ते भिवंडीजवळचं आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि हे खरंच शक्य झालं. पण तो हिशेब एकट्या माणसाचा. त्यात शू नाही, भूक नाही, ‘ताईनं माझी खिडकी घेतली’ नाही. रस्त्यानं वाचवलेले तास पोरं व्याजासकट वसूल करतात. आमच्याकडेही विनय निघण्याआधी पोचायची वेळ मित्रांच्या ग्रुपवर जाहीर करून बसला होता. दुपारनंतर तो त्या ग्रुपवर फिरकला नाही.

निघायचं मात्र पहाटेच. चारच्या सुमारास मुलांना झोपेतच उचलून सीटवर बसवायचं. दात घासणं, दूध वगैरे काही नाही. तुम्हाला दादरहून माजिवडा, खारेगाव आणि भिवंडी बायपास ओलांडायचाय. सकाळी सातनंतर तिथे कंटेनरच्या मागे अडकलीस, तर आमण्याला पोचेपर्यंतच सगळ्यांचा मूड गेलेला असेल. पहाटे निघालात तर मुलं गाढ झोपेत असताना तुम्ही समृद्धीला लागलेले असता, कसारा घाटाचं नावसुद्धा निघत नाही, आणि उजाडायच्या सुमारास इगतपुरीचा बोगदा येतो. त्यासाठी मात्र त्यांना उठव. सुमारे आठ किलोमीटरचा बोगदा आहे. आमच्या ओवीनं छतावरचे पंखे मोजायला घेतले, कबीर मधूनमधून भलतेच आकडे ओरडून तिचा हिशेब बिघडवत होता. अख्ख्या समृद्धीवर मुलांना आवडलेली गोष्ट एवढीच.

कारण पुढे नुसतं सिमेंट. दोन्ही बाजूंना कुंपण, सावलीला झाड नाही, टपरी नाही, बैलगाडी नाही, गाव असलंच तर लांब. मोठ्या माणसाचीसुद्धा तंद्री लागते. लागतेच, म्हणून दर दीड-दोन तासांनी चालवणारा बदला. तू चालवतेस ना अजून? सुहासला चाक सोडायला लाव. आणि ‘जरा कडेला घे, शू करून येते’ हा प्रकार या रस्त्यावर अजिबात नाही. कडेला उभ्या असलेल्या गाडीला मागून भरधाव येणाऱ्यानं ठोकलं, हे आपण बातम्यांत वाचतो ते उगाच नाही. पंप दिसला की थांबायचं, कुणाला लागली असो वा नसो. तिथलं स्वच्छतागृह कसं असेल ते देवाला माहीत, म्हणून मुलांचं छोटं पॉटी आणि पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या डिकीत अगदी वर ठेव. बॅगांच्या खाली नको! हे सुहासला दोनदा सांग.

टायरचंही त्याला सांग, म्हणजे त्याला वाटेल आपण काहीतरी महत्त्वाचं करतोय. सिमेंटवर तासन्‌तास वेगात चाललं की टायर तापतात, जुना असला तर फुटतो. टायरच्या कडेला चार आकडे कोरलेले असतात. १४२१ असेल तर २०२१च्या चौदाव्या आठवड्यातला टायर. पाच-सहा वर्षांचा झाला असेल तर नक्षी कितीही शाबूत दिसो, निघण्याआधी दुकानात दाखवून घ्या. हवा गाडी थंड असताना तपासायची.

आता नाजूक विषय. तुझ्या सासूबाई म्हणणार, ‘कशाला त्या खुर्चीत जखडतेस लेकराला, मी घेते ना मांडीवर.’ माझ्याही म्हणाल्या. मी वाद घातला नाही. २०१९ साली मोटार वाहन कायदा बदलला, १४ वर्षांखालचं मूल पट्ट्याशिवाय किंवा त्याच्या सीटशिवाय दिसलं तर १,००० रुपये दंड आहे, एवढंच सांगितलं. अपघाताच्या गोष्टी सांगून जे साधलं नसतं ते हजार रुपयांनी साधलं. सासूबाई स्वतःच पट्ट्याचं बक्कल लावायला शिकल्या आणि प्रत्येक थांब्यानंतर ‘लावलं का रे?’ असं विनयलाही विचारायला लागल्या. (सीटचं खरं कारण तुला माहीतच आहे. गाडी करकचून थांबली तर मांडीवरचं मूल हातात राहत नाही, कितीही घट्ट धरलं तरी.)

एका दमात नागपूर गाठू नका. मेहकरला समृद्धी सोडा, लोणार तिथून जवळ आहे, आणि रात्री तिथेच राहा. आम्ही एमटीडीसीत राहिलो. चौथीच्या पुस्तकी भाषेत ‘उल्कापातामुळे तयार झालेले सरोवर’ म्हणून आपण सोडून दिलेली ती जागा काठावर उभं राहिल्याशिवाय कळत नाही गं. जवळजवळ पावणेदोन-दोन किलोमीटर रुंद वाटोळा खड्डा, काळ्या पाषाणात पडलेला, आत जंगल आणि तळाशी पाणी. ओवी आधी रुसली, कारण मी तिला गुलाबी तळ्याचे फोटो दाखवले होते. २०२०च्या जूनमध्ये पाण्याचा खारटपणा वाढला, त्यात लाल रंगाचे सूक्ष्मजीव माजले आणि ते तसं झालं होतं. आम्ही गेलो तेव्हा हिरवंच होतं. मग आजीनं तिला गावातल्या दैत्यसूदन मंदिरात नेऊन लवणासुराची गोष्ट सांगितली, विष्णूनं त्याला कसं मारलं ती. बाहेर आल्यावर प्रश्न आला, ‘म्हणजे खड्डा विष्णूनं केला की उल्केनं?’ आजी क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, ‘उल्का पाठवली कुणी?’ विनयनं तोंड उघडलं होतं, मी त्याचा पाय दाबला.

खाली तळ्यापर्यंत उतरायचा मोह होईल. धाकटा तीनचा असेल तर नको. उतरताना तो चालतो, चढताना तो तुझ्या कडेवर असतो. काठावरून भरपूर दिसतं, मोरही दिसले आम्हाला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत नागपूर. पुढचं तुझ्या नणंदेच्या हाती, सावजी मात्र मुलांना देऊ नका.

परतीचा जुना रस्ता म्हणजे अमरावती, अकोला, जळगाव, धुळे, नाशिक. वेळ जास्त लागतो आणि मला तो प्रत्येक तास आवडला. नागपुरातून बाहेर पडलं की कोंढाळीच्या बाजूला रस्त्याकाठी संत्र्यांचे ढीग लागतात. आम्ही टोपली घेतली आणि पोरांना सोलून खायला दिली. ती सीट घरी आल्यावर मी टूथब्रशनं घासत होते, पट्ट्यांच्या शिवणीत बिया सापडल्या. तरीही देच. मोझरीला तुकडोजी महाराजांचा गुरुकुंज आश्रम रस्त्यालाच आहे. मोठं मोकळं आवार आहे, पाय मोकळे करायला त्याहून चांगली जागा नाही, आणि सासूबाईंचं दर्शनही होतं. पुढे लोणी ते मूर्तिजापूर या रस्त्यावर, एका लेनच्या हिशेबानं, ७५ किलोमीटरचं डांबरीकरण जून २०२२मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत सलग केलं, गिनीज बुकात नोंद आहे. मी हे ओवीला सांगितलं तर तिनं विचारलं, ‘आणि आपल्या गल्लीतला खड्डा?’ मुलुंडकरांकडे याला उत्तर नाही.

रात्री शेगावला थांबा. गजानन महाराजांच्या संस्थानाची भक्तनिवासं साधी आणि लख्ख असतात, पण सुट्ट्यांत गर्दी असते, लवकर पोचा. कचोरी मुलांना तिखट लागेल असं वाटलं होतं, कबीरनं आतलं सारण माझ्या हातावर काढून ठेवलं आणि कवच खाल्लं. पुढे नांदुऱ्याला महामार्गाला लागूनच १०५ फुटी हनुमान उभा आहे. लांबून दिसायला लागतो, तेव्हा ‘कोण आधी बघतो’ ही पैज लाव, वीस-पंचवीस मिनिटं मागच्या सीटवर शांतता मिळते. त्यानंतर केळीच्या बागा, केळीचे ट्रक. जळगावला कुठे भरीत-भाकरी मिळाली तर मुलांसाठी दहीभात सांगून तुम्ही तुटून पडा. धुळ्याचं मला काही आठवत नाही, सगळे झोपले होते, चालवणारी मी सोडून. नाशिकला तुझी मावशी आहे, तिथे दुसरा मुक्काम कर.

कारण कसाऱ्याचा घाट भरल्या पोटानं उतरायचा नसतो. ओवी हमखास उलटी करते. आमच्या डॉक्टरांनी सांगितलेलं तुलाही सांगते. कानातला तोल सांगणारा भाग म्हणतो आपण वळतोय, आणि डोळे मोबाइलवर खिळलेले असल्यामुळे म्हणतात आपण स्थिर आहोत. त्या भांडणात पोट ढवळतं. दोन ते बारा या वयात जास्त होतं. सपाट सरळ समृद्धीवर मोबाइल दिला तरी चालून जातं, घाटात अजिबात नाही. मोठीला अशा जागी बसव की तिला पुढच्या काचेतून रस्ता दिसेल, खिडकी थोडी उघडी ठेव, निघण्याआधी दूध नको, कोरडी भाकरी नाहीतर खाकरा दे. आमचूर गोळी किंवा आवळ्याची सुपारी तोंडात धरायला बरी, धाकट्याला मात्र नाही, घशात अडकते. औषध द्यायचं तर आधी डॉक्टरांना विचार, आणि ते घाटाच्या पायथ्याशी नाही, निघण्याआधी. एवढं करूनही झालीच तर हाताशी मोठ्या तोंडाचा डबा हवा, पिशवी नको. पिशवीला नेमकं तेव्हाच भोक सापडतं. ओला टॉवेल, बदलायचा एक शर्ट मुलाचा आणि एक तुझा. तुझा सगळे विसरतात.

खाण्याचं फार मनावर घेऊ नकोस. दशम्या, तिखटामिठाच्या पुऱ्या, केळी. चुरमुरे आणि चिवडा बंद, ते सीटखालून होळीपर्यंत निघत राहतात. आणि खेळण्यांची पिशवी एकदम देऊ नकोस, दर थांब्यानंतर एकच काढ.

आमची सीट तुझ्या धाकट्याला बसेल, वजन बघून घे. पॉटी आणि डबाही देते. रविवारी सकाळी सुहासला पाठव, मात्र अकराच्या आत, नंतर आम्ही ठाण्याला लग्नाला जातोय. येताना तू नेलेला माझा इडलीपात्राचा संच आणायला सांग. दोन वर्षं झाली, बाई!

सासूबाईंना नमस्कार, पोरांना पापे.

तुझी,
मृणाल