एकदा घेऊन काय होतं, विचारलंस म्हणून

फैजपूर

चि. तेजस यास अनेक आशीर्वाद.

होस्टेलवरची काही पोरं एमडी घेतात, रात्रभर जागतात, अभ्यासही उरकतात, मग एकदा घेऊन काय होतं, असं तू परवा फोनवर विचारलंस. तू घेतलीस का, हे मी विचारलं नाही आणि आताही विचारत नाही. पण प्रश्नाचं उत्तर नीट द्यायला हवं.

एमडी म्हणजे मेफेड्रोन, एक उत्तेजक अमली पदार्थ. डोपामीन, सेरोटोनिन, नॉरअ‍ॅड्रेनॅलिन ही रसायनं मेंदूच्या पेशी जपून, लागतील तशी सोडतात. मेफेड्रोन त्यांना हाताशी असलेला साठा एकदम बाहेर ओतायला लावतं आणि तो परत आत घेऊ देत नाही. बाहेरून नवी ताकद काही येत नाही. मोटार जोरात चालली म्हणून विहिरीचं पाणी वाढत नाही, हे केळीच्या बागेत वाढलेल्या पोराला मी काय सांगू!

मेंदू वजनाने शरीराच्या २ टक्के, पण आपण नुसते बसलो असलो तरी शरीराच्या ऊर्जेतला २० टक्क्यांच्या आसपास वाटा तोच खातो. उत्तेजक घेतल्यावर तो जास्त ग्लुकोज जाळत असेल, असंच कुणालाही वाटेल. १९९० मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी कोकेन दिलेल्या माणसांचे पेट स्कॅन, म्हणजे मेंदूत कुठे किती ग्लुकोज जळतंय ते दाखवणारी चित्रं, छापले, त्यात उलटंच दिसलं. माणसं खुशीत होती, आणि मेंदूच्या बहुतेक भागांत ग्लुकोजचा वापर घटला होता. कोकेन आणि एमडी एक नव्हेत. तरी ‘आपलं डोकं जोरात चाललंय’ असं वाटणं आणि डोकं खरोखर चालणं यात केवढं अंतर असू शकतं, ते यातून कळतं.

एमडीचा अंमल दोन-तीन तासांत उतरतो, म्हणून रात्र संपायच्या आत दुसरी, तिसरी पुडी लागते. झोप गेलेली, जेवण नाही. पुढचे दोन-तीन दिवस मन खचतं, चिडचिड होते, कशात जीव लागत नाही. पोरांना वाटतं आपला स्वभावच असा झाला, आणि त्यावर उपाय म्हणून परत तीच पुडी. सोमवारी ठणठणीत दिसणाऱ्यांना बुधवारी रात्री बघ.

मागे आपल्या औषधांच्या दुकानात एक मुलगा आला होता, तुझ्याच वयाचा. चिठ्ठी नसताना झोपेच्या गोळ्या मागत होता. जबडा सारखा दातावर दात घासत होता, ओठ फाटलेले, हातावर खाजवून काढलेल्या खपल्या. समोरच्या टपरीवरची माणसं आपल्यावर नजर ठेवून आहेत, म्हणत होता. टपरी तर बंद होती. मी गोळ्या दिल्या नाहीत, त्याला बसवलं, पाणी दिलं, घरी फोन लावायला लावला. तो संशय त्याला अगदी खरा वाटत होता रे, समजावून जाणारा नव्हता. उत्तेजकांमुळे येणारं हे वेड बऱ्याचदा काही दिवसांत ओसरतं, पण काहींचं राहतं. कुणाचं राहील हे आधी ओळखता येत नाही, म्हणून ‘एकदाच’ या शब्दाची मला भीती वाटते.

मेंदू सावरतोही. मेथअ‍ॅम्फेटामीन हे दुसरं उत्तेजक सोडून वर्षभर लांब राहिलेल्यांच्या मेंदूत डोपामीन ट्रान्सपोर्टर, म्हणजे डोपामीन परत पेशीत घेणारे रेणू, बरेच भरून आलेले २००१ मध्ये दिसले. स्मरणशक्ती आणि हालचालींच्या चाचण्यांत मात्र तेवढी सुधारणा नव्हती.

आता कामाचं. पार्टीत कुणाचं अंग भट्टीसारखं तापलं, तो बरळायला लागला, तर पॅरासिटामॉलने तो ताप उतरत नाही. गार पाण्याने अंग पुसत सरळ दवाखान्यात न्या आणि काय घेतलंय ते डॉक्टरांना खरं सांगा. पोलिसांच्या भीतीने वेळ घालवू नका. एमडी २०१५ पासून एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे खरं, पण त्याच कायद्याचं ६४अ हे कलम नुसतं सेवन केलेल्या किंवा थोडंच जवळ सापडलेल्या व्यसनीने स्वतःहून व्यसनमुक्तीचे उपचार घेतले तर त्याला खटल्यापासून संरक्षण देतं. सोडायचं असेल त्याला १४४४६ हा सरकारी मोफत नंबर दे.

आणि तू घेतली असलीस तर मला सांग. मी रागावणार नाही, दुकान बंद करून निघेन. तसंही रविवारी मी पुण्याला येतोय. आई भरिताची वांगी आणि कळण्याचं पीठ बांधून देतेय. मेसला डबा सांगू नकोस.

तुझे,
आप्पा