कॅल्क्युलेटरला पेन ड्राइव्ह जोडताना

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. गणिते करण्याच्या यंत्राला पेन ड्राइव्ह कशाला हवा, हा तुझा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे प्रामाणिक उत्तर ‘कशालाच नाही’ असे आहे. तरीही गेले तीन महिने रोज रात्री मी टीआय-८४ प्लस हा टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा कॅल्क्युलेटर घेऊन बसतो, तेव्हा आत नेमके काय चालते ते तुला सांगणे भाग आहे.

हे यंत्र २००४ साली बाजारात आले. त्यात १५ मेगाहर्ट्झचा झेड८० प्रोसेसर असून आपल्या वाट्याला सुमारे २४ किलोबाइट रॅम आणि ४८० किलोबाइट फ्लॅश येते. खरा मोह मात्र त्याच्या मिनी यूएसबी पोर्टचा. त्याच्या आधारे हौशी मंडळींनी यूएसबी उपकरणे आणि पेन ड्राइव्ह चालवणारे यूएसबी८एक्स आणि एमएसडी८एक्स असे प्रोग्रॅम कधीच लिहून ठेवले आहेत. पण तयार प्रोग्रॅम चालवण्यापेक्षा सगळे स्वतः लिहून पाहण्याची मला खोड आहे, हे तू जाणतोसच.

यूएसबीच्या व्यवहारात एक यजमान आणि दुसरा पाहुणा असतो, आणि पेन ड्राइव्ह हा इतका भिडस्त पाहुणा की विचारल्याशिवाय तोंड उघडत नाही. संगणकाला जोडलेला कॅल्क्युलेटरही पाहुणाच असतो. त्याला यजमान करायचे, तर केबलच्या मिनी-ए टोकातली चौथी म्हणजे ओळख सांगणारी (आयडी) पिन ग्राउंडला जोडलेली लागते. मी साधी केबल लावून दोन दिवस कोडमधली चूक शोधत होतो! शिवाय पाहुण्याला वीज पुरवणे हे यजमानाचेच काम, आणि इथे ती चार ट्रिपल-ए सेलांतून काढायची. शेवटी मी मध्ये स्वतःचा वीजपुरवठा असलेला हब घातला.

ड्राइव्हकडून काही वाचायचे, तर आधी ३१ बाइटांचा एक लखोटा पाठवावा लागतो. मग ५१२ बाइटांचा सेक्टर, म्हणजे ड्राइव्हवरच्या साठ्याचा एक ठरावीक तुकडा, ६४-६४ बाइटांच्या हप्त्यांनी येतो आणि शेवटी १३ बाइटांची पोच मिळते. पहिल्या म्हणजे शून्य क्रमांकाच्या सेक्टरच्या शेवटी ‘५५ एए’ ही खूण पडद्यावर दिसली, तेव्हा मी खुर्चीतून उठलोच. पण त्याच सेक्टरमध्ये ड्राइव्हवर फायली ठेवलेल्या विभागाची (पार्टिशनची) सुरुवात ६३ व्या सेक्टरवर असल्याचे लिहिले होते, आणि तो मागितला की ड्राइव्ह दर वेळी नकार देई. कारण असे, की लखोट्यावरचे अनेक बाइटांचे आकडे लहान (एकक स्थानासारखा) बाइट आधी या क्रमाने लिहायचे असतात, झेड८० ला सवयीच्या असलेल्या क्रमाने. आतली चिठ्ठी, म्हणजे ड्राइव्हला दिलेली खरी आज्ञा, मात्र डिस्कशी बोलण्याच्या यूएसबीहून जुन्या स्कझी पद्धतीची असल्यामुळे तिच्यात मोठा बाइट आधी येतो. मी दोन्हीकडे एकच क्रम ठेवला होता, त्यामुळे ६३ ऐवजी १०५ कोटींच्या पुढचा सेक्टर मागितला जात होता, आणि माझ्या २ जीबीच्या ड्राइव्हवर सेक्टर जेमतेम ४० लाख! शून्य उलटे लिहिले तरी शून्यच राहते, म्हणून पहिली चाचणी बिनबोभाट पार पडली आणि मी आठवडाभर नको तिथे खणत राहिलो.

आता थोडे जागेविषयी. ड्राइव्ह जोडला की जागेची ददात मिटेल अशी माझी समजूत होती, पण अडचण साठवण्याची नसून एका वेळी किती पाहता येते याची आहे. २४ किलोबाइटांत सगळे मिळून ४८ सेक्टर मावतील, तेही प्रोग्रॅमला जागा न ठेवता. ८ जीबीच्या ड्राइव्हवर फॅट३२ ही फायली मांडण्याची पद्धत आणि ४ किलोबाइटांचे क्लस्टर (सेक्टरांचे गट) धरले, तर कोणत्या क्लस्टरनंतर कोणता हे सांगणारा तक्ताच सुमारे ८ एमबी भरतो, म्हणजे कॅल्क्युलेटरच्या फ्लॅशच्या सोळापट. म्हणून तक्त्याचा एकेक सेक्टर आणायचा, त्यातल्या १२८ नोंदींपैकी हवी ती पाहायची आणि पुढच्यासाठी तो पुसून टाकायचा. फाइलमध्ये मागे जायचे असेल, तर पुन्हा पहिल्या क्लस्टरपासून साखळी मोजत यावे लागते. पडद्याचे एक चित्र ९६ गुणिले ६४ ठिपक्यांचे, म्हणजे ७६८ बाइटांचे, अर्थात दीड सेक्टरचे होते. मी प्रत्येक चित्राला सरळ दोन सेक्टर देऊन टाकले आणि तो अर्धा सेक्टर वाया गेल्याचे मला मुळीच दुःख नाही.

एचपी ५०जी या दुसऱ्या कॅल्क्युलेटरमध्ये एसडी कार्डाची खाच कारखान्यातूनच येत असे. सोय उत्तम, पण मला त्यात गंमत वाटत नाही.

आतापर्यंत मी फक्त वाचले आहे. ड्राइव्हवर लिहिण्याचे धाडस केलेले नाही, कारण तक्त्याची एक नोंद चुकली तरी फायली एकमेकींत मिसळतील. तुझ्याकडे एखादा जुना, कमी क्षमतेचा पेन ड्राइव्ह पडून असेल, तर पाठवून दे. त्यात काही जपण्यासारखे असेल, तर ते मात्र आधी काढून घे.

तुझा,
अविनाश