परमिट, पासपोर्ट आणि घरून लागणारे कागद

सस्काटून, कॅनडा

प्रिय दादास,
सा. न.

आई-बाबांना माझा नमस्कार सांग. माझं इथलं कामाचं परमिट जूनअखेर संपतं म्हणून बाबांनी जीव टांगणीला लावलाय असं तू लिहिलंस. त्यांना आधी एवढं वाचून दाखव. परमिटाची तारीख उलटली की माणसाला लगेच परत पाठवतात असं नाही. तारखेच्या आत मुदतवाढीचा अर्ज ऑनलाइन भरला आणि 155 डॉलर शुल्क जमा केलं, की निर्णय येईपर्यंत त्याच कंपनीत, त्याच अटींवर काम चालू ठेवता येतं. इथे त्याला मेंटेन्ड स्टेटस म्हणतात. मात्र निर्णय येईपर्यंत कॅनडाबाहेर जायचं नाही. गेलं की कामाची मुभा गेली. परत आत घेतलं तरी नवं परमिट मिळेपर्यंत कामाला हात लावता येत नाही. म्हणून पोळ्याला येतो असा शब्द मी देत नाही. अर्ज नाकारला तर त्या दिवसापासून काम बंद. मग 90 दिवसांत स्टेटस पूर्ववत करण्याचा अर्ज करता येतो, पण तेवढे दिवस कमाई नाही.

खरा घोळ होतो तो कंपनीच्या बाजूने. माझ्यासारखं एकाच कंपनीला बांधलेलं परमिट वाढवायचं तर कंपनीला आधी एलएमआयए मिळवावा लागतो, म्हणजे या कामाला इथला माणूस मिळत नाही असा सरकारी निर्वाळा. त्यासाठी जाहिरात द्यावी लागते, मग अर्ज, मग वाट बघणं. यात महिने जातात, म्हणून निदान सहा महिने आधी मालकाच्या मागे लागलेलं बरं. एलएमआयए हाती नसताना भरलेला अर्ज टिकत नाही. त्याचं 1000 डॉलर शुल्क कंपनीनेच भरायचं असतं. ते कामगाराच्या पगारातून कापणं कायद्याने मना आहे. पगार केंद्र सरकारने त्या प्रांतासाठी ठरवलेल्या पातळीच्या खाली असला तर परमिट एकाच वर्षाचं मिळतं, हेही करारावर सही करण्याआधी बघायचं.

दुसरी गोष्ट पासपोर्ट. परमिट पासपोर्टच्या मुदतीपलीकडे देत नाहीत. एलएमआयए दोन वर्षांचा असला आणि पासपोर्टला आठच महिने उरले असले, तर परमिटही आठच महिन्यांचं. म्हणून मी आधी पासपोर्टचं नूतनीकरण टाकलं आहे. त्यासाठी पोलीस ठाण्यातून चौकशीला माणूस घरी येऊ शकतो. बाबा वावरात असले तर वहिनीने त्याला थांबवून घ्यावं, पोलीस पाटलांना फोन करावा आणि आधार, राशन कार्ड दाखवावं. "इथे राहत नाही" एवढंच सांगून परत पाठवलं तर तोच शेरा वर जातो. "घर हेच आहे, सध्या कामासाठी कॅनडात आहे" असं पूर्ण सांगायचं.

आता पीआर, म्हणजे कायमचं राहण्याची परवानगी. हा परमिटाहून वेगळा अर्ज आहे. एक चालू असताना दुसरा आपोआप होत नाही. वेल्डरला एक्सप्रेस एन्ट्रीत, म्हणजे गुणांवर माणसं निवडण्याच्या सरकारी पद्धतीत, मुख्य दोन दारं आहेत. पहिल्यात इथलं एक वर्षाचं काम लागतं, म्हणजे 1560 तास, गेल्या तीन वर्षांतलं. दुसरं दार कुशल कारागिरांचं: गेल्या पाच वर्षांत दोन वर्षांचं काम, आणि सोबत एक तर वर्षभराच्या नोकरीची ऑफर किंवा प्रांताचं कारागीर प्रमाणपत्र. या दुसऱ्या दारात शिक्षणाची अट नाही आणि भारतातलं कामही धरतात. म्हणूनच तुझ्यावर कागदांचं ओझं टाकतोय.

कामाचे दाखले हा या सगळ्याचा कणा आहे. ठेकेदार देतात तो दाखला असा असतो: "सदर इसम आमच्याकडे वेल्डर होता, वर्तणूक चांगली." त्याचा काही उपयोग नाही. लेटरहेडवर हुद्दा, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, आठवड्याचे तास, पगार, आणि प्रत्यक्ष केलेलं काम हवं. खाली सही, शिक्का, सही करणाऱ्याचं नाव आणि चालू असलेला फोन नंबर. काम नेमकं लिहून घे: किल्न आणि च्यूटच्या प्लेटचं आर्क वेल्डिंग, 7018 रॉडने उभे आणि डोक्यावरचे जोड, गॅस कटिंग, ड्रॉइंग वाचून फिटिंग. सरकारी यादीतली वाक्यं जशीच्या तशी उतरवलेला दाखला अधिकाऱ्याला लगेच ओळखू येतो, म्हणून ठेकेदाराला त्याच्या शब्दांत लिहू दे. बारा तासांची पाळी लिहिली तरी हरकत नाही, पण इथे आठवड्याला 30 तासच मोजतात. जास्त घाम गाळला म्हणून दोन वर्षं लवकर भरत नाहीत.

रोख पगाराचा पुरावा बँकेत नसतो. तिथे पीएफचं पासबुक कामी येतं, कारण त्यात महिन्यागणिक कंपनीचं नाव असतं. जुने गेटपास आणि ईएसआयसीचं कार्ड लोखंडी पेटीत असेल, तेही काढून ठेव.

सीडब्ल्यूबीचं, म्हणजे इथल्या वेल्डिंग ब्युरोचं, तिकीट माझ्याकडे आहेच, मग अजून कशाला परीक्षा, असं बाबा म्हणतील. ते तिकीट त्या-त्या पोझिशनचा जोड घालता येतो एवढंच सांगतं आणि दोन वर्षांनी संपतं. कारागीर प्रमाणपत्र वेगळं. ते प्रांताचं अप्रेंटिसशिप कमिशन देतं, आणि त्यावर रेड सील, म्हणजे इतर प्रांतांतही चालणारा शिक्का, मिळवायला लेखी परीक्षेत 70 टक्के लागतात. परीक्षेला बसायच्या परवानगीसाठी कामाच्या तासांचा पुरावा मागतात, म्हणजे ठेकेदाराचे तेच दाखले तिथेही लागतात. प्रमाणपत्रासोबत इंग्रजी चांगलं असलं तर पीआरच्या गुणांत 50 पर्यंत भर पडते, बेताचं असलं तर 25. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत बोलणं आणि ऐकणं यांत 5, लिहिण्यात 4, वाचण्यात 3.5 एवढ्यावर कारागिरांचं दार उघडतं. निकाल दोन वर्षं चालतो.

नावाचं मात्र नीट बघ. आयटीआयच्या सर्टिफिकेटवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, आणि टीसीवर बाबांच्या नावापुढे "राव" जोडलेलं. माणूस एकच, हे नोटरीसमोरच्या प्रतिज्ञापत्राने दाखवता येतं. पण स्पेलिंगची चूक वणीच्या आयटीआयमधूनच दुरुस्त करून आण. मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर लागतं. ते घरच्या माणसाने केलेलं चालत नाही, म्हणून पुतण्याला बसवू नकोस. भाषांतर करणारा प्रमाणित नसेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र सोबत जोडावं लागतं.

सुनंदाची आणि मुलीची नावं अर्जात आत्ताच टाकणार आहे, त्या लगेच येणार नसल्या तरी. जी बायको किंवा जे मूल पीआरच्या अर्जात दाखवलं नाही, त्याला पुढे बोलावणं जवळजवळ बंद होतं. "सध्या एकटाच दाखव, काम लवकर होईल" असं गावात कुणी सांगितलं तर ऐकू नकोस. दोघींची वैद्यकीय तपासणीही होईल, ती ठरवून दिलेल्या डॉक्टरांकडेच. ग्रामसेवकाकडून लग्नाचा दाखला घे. मुलीच्या जन्मदाखल्यावर नावाचा रकाना कोरा आहे का तेही बघ. कोरा असेल तर आधी ते नाव चढवून घे.

गुण पुरेसे झाले की पीआरचा अर्ज भरायचं आमंत्रण येतं, आणि मग 60 दिवसांत सगळं जोडावं लागतं. 60 दिवसांत ठेकेदार शोधत फिरणं जमत नाही. पोलीस क्लिअरन्स मी इथूनच मागवेन. भारत सोडल्यानंतर काढलेलं असलं की ते चालतं. पीआरचं शुल्क एप्रिल 2024 मध्ये मोठ्या माणसाला 1525 डॉलर केलं होतं, मुलांना कमी. ते दर दोन वर्षांनी बदलतं, म्हणून भरायच्या दिवशीचा आकडा बघूनच रक्कम बाजूला काढू.

पैशासाठी कापूस घाईत विकू नका आणि वावर गहाण टाकू नका. आणि मामाच्या पोराला बजावून सांग: एलएमआयए विकत मिळतो असं सांगणारा लुबाडतो आहे. 25 मार्च 2025 पासून नोकरीच्या ऑफरचे वेगळे गुणच काढून टाकलेत, तरी त्या गुणांच्या नावाने लाखो रुपये मागतात. सल्ल्याची फी फक्त इथला वकील किंवा परवानाधारक सल्लागार घेऊ शकतो, आणि सल्लागाराचा परवाना चालू आहे का ते त्यांच्या कॉलेजच्या, म्हणजे परवाना देणाऱ्या संस्थेच्या, वेबसाइटवर नाव टाकून कुणालाही बघता येतं.

अस्सल कागद पोस्टाने पाठवू नकोस. सेतू केंद्रात रंगीत स्कॅन करून घे, मोबाइलने काढलेला तिरपा फोटो नको. प्रत्येक कागदाची वेगळी पीडीएफ कर आणि नाव इंग्रजीत दे. आधी ठेकेदाराचे दोन दाखले, मग आयटीआयचं सर्टिफिकेट, बाकीचे सवडीने. दाखल्याचा मजकूर सही घेण्याआधी मला पाठव, म्हणजे त्याला दुसऱ्यांदा त्रास द्यावा लागणार नाही.

वहिनीला नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
लहान भाऊ