जुनी पेनं मोडीत घालू नका, चालू करा

मा. संपादक साहेब,

सप्रेम नमस्कार.

मागं आपल्या रविवारच्या पुरवणीत शाईच्या पेनांवर एक लेख आला होता. फोटो झकास होते, लिहिणाऱ्याचा हातपण चांगला आहे, पण लेख संपेपर्यंत मला वाटायला लागलं की पेन वारलं, दिवसकार्य उरकलं आणि आता आपण फक्त गहिवरायचं. दौत आली, टीपकागद आला, निळी बोटं आली, शर्टाच्या खिशावरचा डाग आला. ही पेनं आजपण लिहितात आणि बिघडली तर दुरुस्त होतात, एवढंच काय ते आलं नाही. म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, कापायचं तर कुठलंही कापा पण फेविक्विकचं तेवढं राहू द्या.

मी कोल्हापुरात शाहू मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर हिशेब बघतो. कॉम्प्युटर आहे, टॅली आहे, जीएसटीचं सगळं त्याच्यावरच जातं. तरी सौद्याची कच्ची वही, शेतकऱ्याची पट्टी करायच्या आधीची आकडेमोड, मालकांच्या चिठ्ठ्या हे हातानंच लिहावं लागतं आणि ते मी जुन्या पेननं लिहितो, बहुतेक वेळा पार्कर ५१, नाहीतर एबोनाईटचं एक देशी ड्रॉपरनं भरायचं पेन. शौक आहेच, नाही कशाला म्हणू, पण दिवसभर लिहायचं तर बॉलपेन दाबून दाबून अंगठा दुखायला लागतो आणि शाईच्या पेनला दाब लागतच नाही, निब कागदावर नुसती टेकवायची, शाई आपोआप खाली येते. आता शाईपेन सगळीकडं चालतं असं पण नाही बरं का. कार्बन घालून पावती फाडायची तर बॉलपेनच पाहिजे, तिथं निब दाबली तर तिचे पाय फाकून बसतील. आणि चेकवर रॉयल ब्लू चुकूनपण वापरू नका, ती शाई कपड्यावरनं धुऊन निघावी अशीच केलेली असते, म्हंजे चेकवरनं पण निघणार. चेकला पक्की, परमनंट लिहिलेलीच शाई घ्या. आणखी एक, शाईपेननं अक्षर सुधारतं असं शाळेपासून ऐकत आलोय, माझं तर काही सुधारलं नाही.

आता घरातल्या पेनांचं. आजोबांचं, वडलांचं, कुणाच्या लग्नात आहेर आलेलं असं एखादं पेन बऱ्याच कपाटात पडलेलं असतं आणि विचारलं की उत्तर ठरलेलं, "ते बाद झालंय ओ, शाईच उतरत नाही." बाद काही झालेलं नसतं. शाई भरून कुणीतरी तसंच ठेवून दिलं, त्यातलं पाणी उडून गेलं आणि रंग निबखालच्या जिभेच्या बारीक चरीत वाळून बसला, एवढाच रोग. त्या जिभेला दोन कामं असतात, शाई खाली सोडायची आणि तेवढीच हवा वर जाऊ द्यायची. चर बुजली की हवा जात नाही आणि हवा गेली नाही की शाई येत नाही. उपाय म्हंजे साधं गार पाणी. फक्त निबचा भाग वाटीत बुडवून ठेवायचा, अख्खं पेन नाही, पाणी निळं झालं की बदलायचं, परत ठेवायचं, भांड्याच्या लिक्विडचा एखादा थेंब टाकला तरी चालतो, नंतर चांगलं धुवायचं. घाई असणाऱ्यानं या भानगडीत पडूच नये. पण खरं सांगतो, माझ्याकडं लोकांनी आणून दिलेल्यातली बरीच पेनं नुसत्या पाण्यानं सुरू झाली, पैसा खर्च नाही.

गरम पाणी मात्र अजिबात नको. जुनी काळी पेनं बऱ्याचदा एबोनाईटची असतात, एबोनाईट म्हंजे गंधक घालून कडक केलेलं रबर, ते उन्हानं आणि गरम पाण्यानं काळ्याचं मळकट तपकिरी होतं आणि तो रंग सहजासहजी परत येत नाही. रंगीबेरंगी, संगमरवरासारख्या रेघांची जुनी परदेशी पेनं बरीचशी सेल्युलॉइडची. त्याला स्पिरिट, थिनर, नेलपॉलिश काढायचं लिक्विड लागलं की पेन विरघळायलाच लागतं, आणि ज्योतीजवळ तर नेऊच नका, जुन्या सिनेमाच्या रिळांचंच मटेरियल ते, भसकन पेटतं. कुठलं कुठलं ते ओळखायला कपड्यावर जोरात चोळून वास घ्या, गंधकाचा आला तर एबोनाईट, कापराचा आला तर सेल्युलॉइड, कारण सेल्युलॉइडमध्ये कापूर घातलेलाच असतो.

काही पेनांना पोटावर उचलायची एक बारीक धातूची पट्टी असते. ती लिव्हरची पेनं, शेफर साहेबानं १९०८ मध्ये पेटंट घेऊन हा प्रकार गाजवला आणि मग सगळ्यांनीच काढली. आत रबराची पिशवी असते, लिव्हर उचलली की आतली पट्टी ती पिशवी दाबते, सोडली की पिशवी फुगते आणि शाई ओढून घेते. रबर ते रबरच, इतक्या वर्षांत कडक होऊन तुकडे पडतात, पेन कानाशी धरून हलवलं की आत खुळखुळ ऐकू येतं. लिव्हर घट्ट लागली तर ताकद लावू नका, आत पिशवी दगड झालेली असते आणि लिव्हर मोडते किंवा पेनचं पोट फाटतं. आधी पुढचा भाग काढायचा, तो पण पकडीनं पिळून नाही, हेअर ड्रायरची बेताची ऊब देत देत, हाताला सोसेल एवढीच, हळूहळू डावीउजवीकडं हलवत. नवीन पिशव्या ऑनलाईन मिळतात, त्यांचा नंबर इंचाच्या चौसष्टाव्या भागात असतो, १६ नंबर म्हंजे पाव इंच, त्यामुळं मोजूनच मागवा. पिशवीवर टाल्कम, तेपण बिनवासाची साधी पूड, लावायची म्हंजे आत चिकटत नाही. आणि पिशवी चिकटवायची ती चपडा लाखेनं. फर्निचरला पॉलिश करणारे सुतार स्पिरिटमध्ये विरघळवून वापरतात तोच चपडा, लक्ष्मीपुरीत मागितला तरी मिळेल.

आता फेविक्विक. साहेब, माझ्या हातात आलेल्या पेनांत सगळ्यात वाईट हाल शाईनं केलेले नाहीत, वर्षांनी केलेले नाहीत, फेविक्विकनं केलेले आहेत. निब हलते, लाव फेविक्विक. शाई आट्यातनं गळते, लाव फेविक्विक. टोपणाला बारीक चीर, ओत फेविक्विक. लाखेचं चांगलं असं की पुढच्या वेळी ऊब दिली की सुटते, म्हंजे पुढच्या माणसाला पेन उघडता येतं. फेविक्विक लावलं की आटे कायमचे बंद, आणि ते जिभेत शिरलं तर नमस्कार करून ठेवून द्यायचं. आट्यातनं गळत असेल तर सिलिकॉन ग्रीसचं अगदी थोडं बोट फिरवायचं, झालं काम.

हा सगळा खटाटोप नको असेल आणि तरी जुनं पेन वापरायचं असेल तर पार्कर ५१ बघा. १९४१ ला बाजारात आलं, कंपनी १८८८ ची, पेन तयार झालं तेव्हा कंपनीला ५१ वं वर्ष म्हणून ते नाव. निब पेनच्या पुढच्या भागातच झाकलेली, नुसतं टोक बाहेर, त्यामुळं लिहिता लिहिता मधेच बोलत बसलं तरी लवकर वाळत नाही, आमच्या धंद्यात हे लई महत्त्वाचं, सौदा चालू असताना अर्धा वेळ बोलण्यातच जातो. आत बारीक बारीक पडद्यांचा एक भाग असतो तो जास्तीची शाई धरून ठेवतो. आणि १९४८ पासूनच्या मॉडेलमध्ये रबराऐवजी प्लास्टिकची पिशवी घातली, ती अजून टिकून आहे, मी वापरतो त्यातली मूळचीच आहे. आपल्याकडं हिरो म्हणून जे चायनाचं पेन घरोघर होतं ते याच्याच डोक्यावरनं काढलेलं. हिरोला कमी लेखू नका, नीट धुतलेलं जुनं हिरो चांगलं चालतं. ऑनलाईन मात्र जपून. "व्हिंटेज" लिहिलं की किंमत दुप्पट आणि "चालू स्थितीत" लिहिलेलं असतं म्हंजे नुसतं वरनं पॉलिश मारलेलं असतं, शाई भरून लिहिलेल्याचा व्हिडिओ मागा, नाही दिला तर सोडून द्या.

निबचं एक सांगायचंच आहे. १४ कॅरेटची निब दिसली की काही जण ती काढून गुजरीत, म्हंजे आपल्या सोनारांच्या पेठेत, मोडीत देतात. अहो त्यात सोनं किती, ग्रॅमभर पण भरत नाही बहुतेक वेळा, आणि पेन मात्र कायमचं गेलं. शिवाय निबची करामत सोन्यात नाही, टोकावरच्या त्या बारीक कडक मण्यात आहे, कागदावर घासतो तो मणी, सोनं नाही. निब खरखरते म्हणून लोक पॉलिश पेपरवर घासायला घेतात आणि तो मणीच उडवतात. भिंगातनं बघा आधी, बहुतेक वेळा निबचा एक पाय वर आणि एक खाली झालेला असतो, नखानं हलकेच सारखा केला की खरखर गेली.

आणि इथं मला कोल्हापूरचं नवल वाटतं. पेन दुरुस्तीला लागणारी सगळी हत्यारं आणि हात आपल्याकडं आहेत. गुजरीतले कारागीर डोळ्याला भिंग लावून केसाएवढं काम करतात, घड्याळजींकडं आयग्लास आणि चिमटे आहेत, उद्यमनगरातल्या कारखान्यांत लेथवर दोन थाऊच्या, म्हंजे इंचाच्या दोन हजारांश भागाच्या, फिटिंगचं काम पोरं गप्पा मारत करतात. राजमहेंद्रीला रत्नम पेनवाले एबोनाईटचा दांडा लेथवर वळवून पेनं करतात, गांधीजींच्या स्वदेशीच्या काळापासूनचं नाव आहे ते. कलकत्त्यात पेन हॉस्पिटल म्हणून दुकानानं नुसत्या दुरुस्तीवर नाव कमावलं. आणि आपल्याकडं ऑइल इंजिनाचे पार्ट होतात पण पेनचं एक टोपण वळवून मिळत नाही. मी एका वर्कशॉपमध्ये विचारलं तर मालक म्हणाला, "लॉट किती हजाराचा?" त्याचंही बरोबर आहे म्हणा, टोपणाचे आटे साधे नसतात, मल्टीस्टार्ट, म्हंजे एकाच जागी दोनतीन आटे शेजारीशेजारी सुरू होणारे, असतात म्हणून तर टोपण एका फेऱ्यात बसतं, त्याला सेटिंगलाच वेळ जातो. आणि पेनच्या दुकानात गेलं तर दुरुस्तीचं नाव काढलं की "नवीन घ्या की" हे उत्तर.

पावसाळ्याचं थोडक्यात. ड्रॉपरनं भरायचं पेन अर्ध्याच्या खाली आलं की भरून घ्या, कारण आत हवा जास्त झाली की हाताच्या उबेनं ती फुगते आणि निबमधनं शाईचा थेंब ढकलते, पेन खराब म्हणून गळत नाही ते. कागद दमट झाला की शाई फुटते, त्याला इलाज नाही, वही प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. झेरॉक्सच्या हलक्या कागदावर बारामाही फुटते. त्यापेक्षा बगॅसच्या, म्हंजे उसाच्या चिपाडाच्या, कागदाच्या साध्या वह्या घ्या, स्वस्त असतात आणि शाई चांगली धरतात. गंमत बघा, ऊस आमच्याकडं, चिपाड आमच्याकडं, ते आम्ही बॉयलरात घालून वीज करतो आणि वही बाहेरून आणतो.

तर मागणं एवढंच की पेनच्या दुकानवाल्यांनी काउंटरवर ड्रॉपर, सिलिकॉन ग्रीस आणि दोनचार नंबरच्या पिशव्या ठेवाव्यात, जास्त भांडवल लागत नाही. शहरात कुणी घड्याळजी, सोनार पेनाचं काम घेत असेल तर आपल्या पेपरात त्यांनी कळवावं, आपण छापावं, गिऱ्हाईक मी पाठवतो. आणि उद्यमनगरातल्या लेथवाल्या मालकांपैकी कुणी टोपण वळवून द्यायला तयार असेल तर मजुरी नेहमीच्या पार्टपेक्षा जास्त लावा, माझी ना नाही, पण नग एकच असेल हे आधीच सांगून ठेवतो.

आपला,
एक वाचक
शाहूपुरी, कोल्हापूर